हौद्यातलं घर बांधायच्या आधी वजनकाटा गाठा

प्रश्न : नमस्कार दादा, मी मुलुंडला राहतो, माझ्याकडे प्रायव्हेट नंबरची डबल कॅब (सीटच्या दोन रांगांची) पिकअप आहे. मागच्या हौद्यावर पक्क्या भिंतींची केबिन बनवायचीय, आत झोपायची सोय आणि छोटं किचन, म्हणजे बायको-मुलीला घेऊन कोकणात कुठेही मुक्काम टाकता येईल. सुतार म्हणतोय १२ मिमी मरीन प्लाय वापरू, वेल्डर म्हणतोय चॅसीला वेल्डच मारून टाकू म्हणजे हलायचा प्रश्न नाही. दोघांचं ऐकू का? आणि हौदा पाचच फुटी आहे, मग झोपायचं कसं?

उत्तर : दोघांचंही ऐकू नका, आणि त्यांना अॅडव्हान्स तर आत्ता अजिबात देऊ नका. आधी आरसी बुक काढा. त्यात गाडीचं रिकामं वजन आणि जीव्हीडब्ल्यू म्हणजे भरल्या गाडीचं जास्तीत जास्त वजन लिहिलेलं असतं. मग टाकी फुल करा, तिघंही गाडीत बसा आणि वडाळा ट्रक टर्मिनलकडे किंवा वाशी मार्केटजवळ एखाद्या काट्यावर गाडी चढवून पावती घ्या. जीव्हीडब्ल्यूमधून पावतीवरचा आकडा वजा केला की उरेल तेवढ्यातच तुमची केबिन, गाद्या, पाणी, बॅटरी, भांडीकुंडी सगळं बसवायचंय. हौदा दिसायला मोठा दिसतो पण प्रायव्हेट डबल कॅबमध्ये हा उरलेला आकडा बऱ्याचदा फारच लहान निघतो, म्हणून सांगतोय, करवत हातात घ्यायच्या आधी ही पावती हातात पाहिजे.

आता सुताराचं बघू. १२ मिमी मरीन प्लायची ८ बाय ४ ची एक शीट साधारण २५ किलो भरते. तुमच्या मापाच्या पेटीला, म्हणजे या केबिनला, पाच-सहा शीट लागतील, म्हणजे नुसत्या भिंती-छप्परच १२५ ते १५० किलो झालं, त्यात फ्रेम नाही, दार नाही, आतलं फर्निचर नाही. त्यापेक्षा २५ मिमीची एक्सपीएस फोमची (थर्माकोलच्याच जातीची, पण जास्त घट्ट) शीट घ्या, ८ बाय ४ ला जेमतेम दोन-अडीच किलो वजन असतं, तिच्या दोन्ही बाजूंना ३ मिमी प्लाय चिकटवा, कडांना आणि जिथे बिजागरी, कडी, हुक येणार तिथे फोम कापून लाकडाची पट्टी भरा म्हणजे स्क्रू पकड घेतो. भिंत ताठ होते, वजन १२ मिमी प्लायच्या जवळपास ६० टक्क्यांवर येतं आणि ऊनही कमी लागतं. वजनदार म्हणजे मजबूत ही आपल्याकडची समजूत घराच्या कपाटाला ठीक आहे, गाडीला नाही.

बाहेरून फायबर, म्हणजे काचतंतू आणि रेझिनचा थर, मारून घ्यायचं असेल तर वर्सोवा, मढ, करंजा इथे होड्यांचं फायबरकाम करणारे कारागीर आहेत, त्यांचा हात खरोखर चांगला असतो. फक्त एक गोष्ट त्यांना स्पष्ट सांगा. होडीला सर्रास पॉलिएस्टर रेझिन वापरतात, त्यात स्टायरीन असतं आणि ते एक्सपीएस आणि थर्माकोल दोन्ही विरघळवतं. पटत नसेल तर फोमच्या तुकड्यावर चार थेंब टाकून बघा, बघता बघता खड्डा पडतो आणि खाली चिकट लगदा राहतो. त्यामुळे उघड्या फोमवर काम असेल तर इपॉक्सीच वापरायचं, किंवा मग पीयू (पॉलियुरेथेन) फोम घ्यायचा, त्याला पॉलिएस्टर चालतं. आणि हे काम दिवाळीनंतर काढा, मे संपायच्या आत उरका, मुंबईच्या पावसाळी दमट हवेत रेझिन नीट बसत नाही.

वेल्डरला मात्र सरळ नाही म्हणा. मोटार वाहन कायद्याचं कलम ५२ गाडीत मनाने बदल करायला परवानगी देत नाही, सुप्रीम कोर्टानेही जानेवारी २०१९ मध्ये हेच बजावलंय, आणि बेकायदा बदलाला प्रत्येकी ५,००० रुपये दंड किंवा सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा दोन्ही होऊ शकतं. म्हणून पेटी सुट्टी ठेवा, चार कोपऱ्यांना जॅक लावून उचलली, गाडी खालून काढून घेतली की पिकअप पुन्हा पिकअप. तरी सुरुवात करायच्या आधी वडाळा आरटीओला ड्रॉइंग दाखवून लेखी विचारा, इन्शुरन्सवाल्यांनाही कळवा. पेटी गाडीच्या बॉडीबाहेर कुठेही डोकावू देऊ नका, बाजूला, मागे किंवा उंचीला मर्यादेबाहेर गेलेल्या मालाला २०,००० दंड आहे. टेललाइट आणि नंबरप्लेट झाकली जाणार नाही हेही बघा.

सुट्टी पेटी हलू नये म्हणून खाली जाड रबर मॅट टाकायची आणि चारही कोपरे टर्नबकलने (फिरवून ताण देता येणारा हुक) आवळायचे, नागदेवी स्ट्रीटला हव्या त्या मापाचे मिळतात. हुक हौद्याच्या पत्र्याला अडकवला तर पत्रा फाटतो, त्याला चॅसीपर्यंतचा आधार पाहिजे, तोही भोक न पाडता क्लॅम्पने. निघाल्यावर वीस-पंचवीस किलोमीटरवर थांबून परत आवळा, पेटी बसली की ताण सैल होतोच. पाण्याचा कॅन, बॅटरी असलं जड सामान खाली आणि पुढे, मागच्या अॅक्सलच्या अलीकडे. शेपटीकडे वजन गेलं की पुढची चाकं हलकी होतात आणि कशेडी घाटात स्टिअरिंगला ते लगेच जाणवतं.

झोपायचं म्हणाल तर पेटीचा वरचा भाग ड्रायव्हरच्या केबिनवर दोनच फूट पुढे काढा, म्हणजे आडवं पडायला लांबीत सात फूट मिळतात. त्याहून जास्त काढला तर वजन वर जातं आणि वाराही जास्त धरतो. आणि गाडी चालू असताना मुलीने मागे पेटीत बसायचं नाही, कितीही हट्ट केला तरी, जागा पुढे सीटबेल्ट लावूनच.

प्रश्न : दादा, पावसात दार लावून आतच चहा-मॅगी केली तर चालेल ना? — दहिसरच्या एक वाचक

उत्तर : नाही ताई, दार लावून नाही. बंद खोक्यात जळण जळलं की कार्बन मोनॉक्साइड साठतो, त्याला वास नाही, झोप येतेय असं वाटत माणूस जातो. कोळशाची शेगडी तर दार उघडं ठेवूनही आत आणू नका. मागचं दार वरच्या बिजागरीवर उघडेल असं करून घ्या, तेच छप्पर होतं, त्याखाली बाहेर उभं राहून स्वयंपाक करा. सिलिंडर आत ठेवत असाल तर जमिनीलगत जाळीचं भोक हवंच, एलपीजी हवेपेक्षा जड असतो, गळला तर खालीच साचतो. झोपतानाही एक झरोका खाली आणि एक वर उघडा ठेवा, नाहीतर श्वासाची वाफ भिंतींवर जमून सकाळी गाद्या ओल्या. झरोक्याच्या आणि खिडकीच्या चौकटीखाली ब्युटाइल टेप (चिकट रबरी पट्टी) लावा, नुसतं वरून सिलिकॉन फासलेलं फार काळ टिकत नाही.

प्रश्न : बॅटरीवर एसी चालेल का?

उत्तर : १२ व्होल्ट १०० एएचची (अँपिअर-अवर) लिथियम बॅटरी म्हणजे साधारण १,२८० वॉट-अवर. एक टनाचा एसी तासाला हजारेक वॉट-अवर खातो, म्हणजे सव्वा तासात खेळ खल्लास. त्याच बॅटरीवर ३० वॉटचा बीएलडीसी (कमी वीज खाणारा) पंखा रात्रभर चालून वर लाइट, मोबाइल सगळं भागतं. छप्पर पांढरं रंगवा, फ्यूज बॅटरीच्या अगदी जवळ बसवा, आणि एप्रिल-मेमध्ये मुक्काम किनाऱ्यावर न ठेवता महाबळेश्वर किंवा भंडारदऱ्याकडे न्या, तिथे रात्री पंखा पुरतो.