कृष्णधवल छपाईतील हिरवट झाक: प्रिंटर घेण्यापूर्वी

मित्राच्या सहा रंगांच्या प्रिंटरवर आपल्या कृष्णधवल छायाचित्रांना हिरवट झाक आली आणि ऐरोलीचा दुकानदार तोच प्रिंटर आपल्या गळ्यात मारू पाहतो आहे, हे आपण लिहिलेले वाचून माझे जुने दुखणे पुन्हा वर आले. डीपीआय (एका इंचात किती ठिपके छापले जातात ते) वगैरे आपण जाणताच, म्हणून थेट शाईकडे वळतो.

एपसन एल ८०५० सारख्या प्रिंटरमध्ये सहा शाई असल्या, तरी त्यांत करडी नसते. त्यामुळे मधल्या छटांसाठी रंगीत शाईचे मिश्रण वापरावे लागते आणि त्याचा तोल किंचित ढळला, की ढग हिरवट आणि चेहरे जांभळट दिसू लागतात. एल ८१८० मध्ये एक करडी शाई आहे, तर कॅननच्या प्रो-२०० मध्ये करडी व फिकी करडी अशा दोन आहेत. करडी शाई नसलेला प्रिंटर या कामासाठी घेऊच नये, असे माझे स्पष्ट मत आहे. अर्थात मी हौशी छायाचित्रकार आहे, तंत्रज्ञ नव्हे.

मला सर्वांत महागात पडले ते ठाण्यातील एक सर्व्हिस सेंटर. नाव घेत नाही. तेथे साध्या बाँड कागदावर नोझल चेक, म्हणजे शाईच्या छिद्रांची तपासणी करणारा रेषांचा नमुना, काढला जाई, रेषा अखंड दिसत आणि ‘प्रिंटर ओके’ असा शेरा मारून तक्रार बंद केली जाई. मी नेलेले प्रिंट उजेडात धरून पाहण्याची तसदीसुद्धा कोणी घेतली नाही. फारच आग्रह धरल्यावर पॉवर क्लीनिंग, म्हणजे छिद्रांची जोरदार सफाई, सुरू झाले. त्यात भरपूर शाई ओढली जाऊन आतल्या वेस्ट इंक पॅडमध्ये (वाया गेलेली शाई शोषणाऱ्या गादीत) जाते, त्यामुळे टाक्यांची पातळी डोळ्यांदेखत उतरली, झाक मात्र तशीच राहिली. पुढे पॅड भरल्याचा संदेश दाखवून प्रिंटरच थांबला, तेव्हा पॅड बदलण्याचे बिलही माझ्याच माथी आले. नोझल चेकवरून छिद्रे मोकळी आहेत एवढेच कळते, रंगांचा तोल कळत नाही, ही गोष्ट त्या काउंटरवर कोणाला ठाऊक नसेल, यावर माझा विश्वास नाही.

म्हणून पैसे देण्यापूर्वी काळ्यापासून पांढऱ्यापर्यंतच्या करड्या पट्ट्यांची फाइल पेनड्राइव्हवर न्यावी, आपण वापरणार असाल त्याच कागदावर ती छापून घ्यावी आणि तो प्रिंट दुकानातील एलईडीखाली व बाहेर रस्त्यावरच्या उजेडात असा दोन्हीकडे पाहावा, कारण आत तटस्थ दिसणारा करडा बाहेर रंग दाखवू शकतो. नमुना छापून द्यायला दुकानदार कुरकुर करत असेल, तर खुशाल दुसरे दुकान गाठावे. ‘काळेपांढरेच छापायचे तर लेझर घ्या’ हा सल्लाही कानाआड करावा. कार्यालयीन लेझरवर आकाशासारख्या सलग छटांत ठिपक्यांची जाळी दिसते.

जाता जाता, आपल्याकडच्या पावसाळ्यात मॅट (चकाकी नसलेल्या) कागदाची कड वर वळून हेडला, म्हणजे शाई सोडणाऱ्या भागाला, घासते आणि पांढऱ्या भागावर काळे ओरखडे उठतात, म्हणून पाकीट सिलिका जेलसह हवाबंद डब्यात ठेवावे. प्रिंटर बंद करताना आधी त्याचेच बटण दाबावे. छपाई चालू असताना भिंतीवरचा स्विच बंद केला, तर हेड जागेवर झाकले जात नाही आणि शाई छिद्रांत वाळते. महिनोन्महिने छापणार नसाल, तर माझ्या मते प्रिंटर घेण्यापेक्षा चांगल्या लॅबला फाइल द्यावी.