पाकीट उलटं करा

नौपाड्यातल्या माझ्या दवाखान्यात लोक हल्ली रिपोर्टच्या फाइलसोबत खाऊची रिकामी पाकिटंही आणतात. प्रश्न तेच ते, म्हणून एकदाच लिहिते.

शेंगदाणा तेलाच्या पिशवीवर 'कोलेस्टेरॉल-फ्री' लिहिलंय. महाग आहे, घेऊ का? (कोपरी)

त्या शब्दासाठी नको. कोलेस्टेरॉल प्राणिज पदार्थांत असतं, शेंगदाण्यात नाही.

मल्टिग्रेन बिस्किटं डायबेटिसला चालतात, असं शेजारीण म्हणते. (वाशी)

शेजारणीला घटकांची यादी वाचायला सांगा. वजनाने जे सर्वांत जास्त, ते यादीत आधी येतं. पहिला मैदा, मग साखर आणि शेपटाला नाचणी असेल, तर ती मैद्याचीच बिस्किटं. लिक्विड ग्लुकोज, इन्व्हर्ट सिरप हे साखरेचेच भाऊबंद. किती खायची, ते तुमचा रिपोर्ट बघून डॉक्टर ठरवतील.

बीपी आहे. चिवड्याच्या पाकिटावर सोडियम 160 मिलिग्रॅमच दिसतं. रोज चालेल? (नेरूळ)

या 'च'नेच घात होतो. तो आकडा एका सर्व्हिंगचा, म्हणजे कंपनीने ठरवलेल्या एका वेळच्या वाढणीचा आहे आणि तुम्हीच पाठवलेल्या फोटोत सर्व्हिंग 20 ग्रॅमचं आहे. मी तेवढा चिवडा काट्यावर मोजला. वाटीचा तळही झाकला नाही. चहासोबत एवढ्यावर कोण थांबतं? 60 ग्रॅम सहज जातो, म्हणजे सोडियम 480 मिलिग्रॅम. सोडियमवरून मीठ काढायला त्याला अडीचने गुणा, की झालं 1.2 ग्रॅम मीठ. दिवसभराची मर्यादा 5 ग्रॅम, आणि अजून आमटी, लोणचं, पापड यायचेच आहेत. म्हणून सर्व्हिंगचा रकाना सोडा, 100 ग्रॅमचा वाचा आणि दोन पाकिटांची तुलना त्यावरूनच करा. 'बेक्ड', 'रोस्टेड' ही तेलाची गोष्ट झाली, मिठाची नव्हे.

तीन महिने बीपी मोजलं नाही, असंही लिहिलंय. कशाची वाट बघताय? आणि कुणाचं ऐकून कमी सोडियमचं मीठ परस्पर सुरू करू नका. त्यात पोटॅशियम असतं. मूत्रपिंडाचा त्रास किंवा बीपीच्या काही गोळ्या चालू असतील तर ते धोक्याचं ठरतं. आधी डॉक्टरांना विचारा.

जांभळी नाक्यावरून सुटं फरसाण आणतो. त्याचं काय? (ठाणे)

लेबलच नाही, मी काय वाचू? बीपी असेल तर सणापुरतं.

अक्षरं चष्म्यातूनही दिसत नाहीत. (घोडबंदर रोड)

मोबाइलवर फोटो काढून मोठा करा. घरपोच मागवताना मागच्या बाजूचा फोटो दिलेला नसेल, तर दुसरं पाकीट बघा.