मोडाफिनिल: एकाला 'कडक गोळी', दुसऱ्याला त्रास, असं का?

तुम्ही लिहिलंय की डॉक्टरांनी मोडाफिनिल १०० (पेंग घालवून जागं ठेवणारी गोळी, १०० मिलिग्रॅमची) दिलंय, आणि ऑफिसातला एक जण म्हणतो 'कडक गोळी आहे', दुसरा म्हणतो 'हात लावू नकोस'. दोघंही खरं बोलत असतील. आमच्या घरातच दोन तऱ्हा आहेत.

मला स्लीप ॲप्निया, म्हणजे झोपेत श्वास मधेमधे अडकतो. रात्री सीपॅप (मास्कमधून हवा देणारं मशीन) लावूनही दुपारी पेंग यायची. एकदा सिग्नलला गाडीतच डोळा लागला, मागच्या रिक्षावाल्याने हॉर्न बडवून उठवलं, तेव्हा ही गोळी सुरू झाली. पहिल्या दिवशी काहीतरी किक बसेल म्हणून वाट बघत होतो. काहीच नाही. चार वाजता लक्षात आलं, आज जांभई आलेली नाही. बस, एवढंच. हुशारी वगैरे काही वाढली नाही. एक्सेलची एक शीट रंगवण्यात मात्र दोन तास अगदी जागेपणी घालवले.

तिसऱ्या दिवशी डोळ्यांमागे ठणका. डोकेदुखी हा या औषधाचा सगळ्यात नेहमीचा त्रास. माझी तर भूकही मेली होती, डबा तसाच घरी परत येत होता. जेवण आणि पाणी वेळेवर सुरू केल्यावर ठणका बराच कमी झाला. नंतर एकदा सकाळची गोळी विसरलो आणि दुपारी एकला घेतली. रात्री अडीचला पंख्याकडे बघत पडलो होतो! निम्मं औषध उतरायलाच साधारण १२ ते १५ तास लागतात.

धाकट्या भावाला रात्रपाळीसाठी दिली होती, पाळीच्या तासभर आधी घ्यायची. तो दिवसा जेमतेम चार तास झोपायचा आणि उरलेली झोप गोळी भरून काढेल असं धरून चालला होता. ती झोप घालवते, भरून काढत नाही. दुसऱ्या आठवड्यात त्याच्या अंगावर पुरळ उठलं. डॉक्टरांनी फोनवरच बंद करायला सांगितली. हे पुरळ क्वचित फार गंभीर होतं, त्यामुळे 'उद्या बघू' करू नका.

घरात कोणी गर्भनिरोधक गोळ्या घेत असेल आणि तिला हे औषध दिलं असेल, तर डॉक्टरांना आवर्जून सांगा. त्या गर्भनिरोधक गोळ्यांचा परिणाम कमी होतो, मोडाफिनिल थांबवल्यावरही महिनाभर. हृदयाचा किंवा मनाचा काही आजार असेल तर तोही सांगा.

तुम्हाला कशासाठी दिलीय ते लिहिलं नाहीत. नार्कोलेप्सी (दिवसा अनावर झोप येण्याचा आजार) असेल तर माझ्या अनुभवाचा फारसा उपयोग नाही.