बर्फात जुन्या गाड्या कशा चालवायच्या? वडिलांची जुनी डिझेल जीप घेऊन जानेवारीत काश्मीरला जावं का?

आधीच सांगून टाकतो, मी रावेर तालुक्यातला. आमच्याकडे मे महिन्यात पारा ४५ च्या वर जातो आणि बर्फ म्हणजे गोळेवाल्याच्या गाडीवरचा, तेवढाच. पण १९८६ पासून २००५ पर्यंत मी केळीचा ट्रक घेऊन काश्मीरच्या फेऱ्या केल्या, आणि त्यातल्या बऱ्याच ऐन थंडीतल्या. म्हणून तुमच्या प्रश्नावर बोलायचा थोडाफार हक्क आहे असं समजतो. जीपचं शेवटी सांगतो.

तेव्हा रावेर, सावदा, निंभोऱ्याहून दिल्लीकडचा बराचसा माल रेल्वेच्या वाघिणींतून जायचा. त्या पुढचं, म्हणजे जम्मू आणि श्रीनगर, आमच्यासारख्या ट्रकवाल्यांच्या वाट्याला यायचं. जाताना हिरवी केळी, येताना सफरचंदाच्या पेट्या. बुऱ्हाणपूर, इंदूर, ग्वाल्हेर, आग्रा, दिल्ली, अंबाला, पठाणकोट आणि मग लखनपूरला जम्मू-काश्मीरची हद्द. इथपर्यंत रस्ता लांब होता, अवघड नव्हता. खरं काम जम्मूच्या पुढे, उधमपूर सोडलं की सुरू व्हायचं.

गाडी होती टाटा १२१०. आमच्या भाषेत बारा-दस. बारा टन एकूण वजन आणि शंभराच्या आसपास अश्वशक्ती, यावरून तो आकडा. त्याच्या आधी आमच्या नानांकडे (वडिलांचे चुलतभाऊ, मला गाडी त्यांनीच शिकवली) टाटा-मर्सिडीज होती, पुढे लांब नाक आणि नाकावर तीन टोकांचा तारा. टाटांचा जर्मन कंपनीशी करार १९५४ ते १९६९ एवढाच होता. नंतरच्या गाड्यांवर तारा गेला आणि टी आला. इंजिन तेच, असं नाना शेवटपर्यंत म्हणायचे आणि तरी तारेवाल्या गाडीचं नाव काढलं की आवाज बदलायचा.

बारा-दसचं अर्धं इंजिन केबिनच्या आत असायचं, ड्रायव्हर आणि क्लीनरच्या मधोमध, वर पत्र्याचं झाकण. उन्हाळ्यात त्या झाकणाने आमची डावी मांडी भाजून निघायची. भुसावळच्या उन्हात त्यावर पोळी शेकता आली असती. त्याच झाकणाला बनिहालच्या थंडीत मी मिठी मारून बसलोय. हीटर नावाची गोष्ट गाडीत नव्हतीच. पॉवर स्टिअरिंग नव्हतं, स्टिअरिंगचं चाक परातीपेक्षा मोठं आणि गिअर बदलताना दोनदा क्लच दाबावा लागायचा. नाही दाबला तर गिअरबॉक्समधून असा आवाज यायचा की ढाब्यावरचे लोक मान वळवून बघायचे.

आता केळीबद्दल थोडं सांगावं लागेल, कारण बर्फात आम्हाला गाडीची काळजी कमी आणि केळीची जास्त असायची. केळीला १३ अंशांच्या खालची थंडी सोसत नाही. साल काळपट पडते आणि तो घड पुढे वखारीत नीट पिकतही नाही. आमच्याकडे जानेवारीत बागेवर कडाक्याची थंडी पडली की शेतकरी याच भीतीने रात्री बागेत काडीकचरा पेटवून धूर करतात. आणि आम्ही तोच माल घेऊन निघालोय चिल्लई कलानमध्ये, म्हणजे काश्मीरच्या सगळ्यात कडक चाळीस दिवसांत, २१ डिसेंबर ते ३० जानेवारी!

यातली गंमत अशी की हिरवी केळी स्वतः ऊब सोडते. घड दाबून रचले की आतला माल तापतो. म्हणून उन्हाळ्यात ताडपत्री मोकळी ठेवायची, वारा खेळता ठेवायचा. थंडीत उलट. जम्मूला थांबून आम्ही भाताचा पेंढा विकत घ्यायचो, बाजूंनी आणि वरून ठासायचो, वर दोन ताडपत्र्या आवळायच्या. मग माल आपल्याच उबेवर दोन-तीन दिवस काढायचा. पण रस्ता बंद पडून पाच दिवस लागले तर मधले घड पिवळे होऊ लागायचे आणि कडेचे काळे. व्यापारी दोन्हीचे पैसे कापायचा. हे गणित डोक्यात असल्यावर समोर बर्फ पडत असताना थांबायचं की निघायचं, हे ठरवणं सोपं नसतं. तिथल्या अपघातांतले बरेचसे, माझ्या मते, या घाईतूनच व्हायचे. बर्फ बिचारा आपल्या जागी पडलेला असतो.

बनिहालच्या पुढे जवाहर बोगदा. १९५६ साली खुला झाला, पावणेतीन किलोमीटरहून थोडा जास्त, समुद्रसपाटीपासून जवळपास २२०० मीटरवर. त्या काळी काश्मीरला वर्षभर जाणारा भरवशाचा रस्ता तो एकच. त्याच्या अलीकडे शैतान नाला आणि त्याच्याही अलीकडे रामबनच्या बाजूला खूनी नाला. ही नावं मी रंगवून सांगत नाही, तीच खरी नावं आहेत. खूनी नाल्यात वरून दगड येतात, शैतान नाल्यात बर्फाचे कडे. जड गाड्यांना एक दिवस वर जायचा आणि एक दिवस खाली यायचा. रात्री बोगदा बंद. मिलिटरीचा ताफा आला की आपण कडेला. त्यामुळे बनिहालला ट्रकांची रांग लागायची आणि त्या रांगेतच मी बर्फाचं बरंचसं शिकलो.

पहिला धडा जानेवारी १९८७ चा. आमचे उस्ताद पारोळ्याकडचे, अहिराणी बोलणारे. रात्री रांगेत गाडी लावली तेव्हा त्यांनी बजावलं, रेडिएटरचं पाणी सोडून दे. तेव्हा कूलंट वगैरे आम्हाला ठाऊक नव्हतं, साधं विहिरीचं पाणी घालायचो. पाणी गोठलं की फुगतं, एक लिटरला साधारण नऊ टक्के, आणि लोखंडाला ऐकत नाही. मी रेडिएटरचा खालचा नळ उघडला, पाणी गेलं, हात झटकून आत आलो. इंजिनच्या ब्लॉकला खाली वेगळा नळ असतो, तो उघडायचा राहिला. राहिला म्हणजे काय, मला तो माहीतच नव्हता.

सकाळी स्टोव्हवर पाणी गरम करून रेडिएटरमध्ये ओतलं, तर इंजिनच्या बाजूने धार. आतल्या बर्फाने एक डमी, म्हणजे ब्लॉकला असते ती पत्र्याची वाटी, बाहेर ढकलली होती. मला वाटलं इंजिन गेलं. नानांचं अर्धं घर त्या इंजिनात होतं. उस्तादांनी खाली वाकून पाहिलं आणि म्हणाले, वाटी निसटली म्हणून ब्लॉक वाचला, वाटीचे पाय धर. तिथल्या एका म्हाताऱ्या सरदारजी मिस्त्रीने तीच वाटी सूत आणि सफेदा लावून हातोडीने परत बसवली. त्या वाटीवर गाडी श्रीनगरला गेली, परत सावद्याला आली आणि पुढे कितीतरी वर्षं चालली. उस्ताद मात्र त्या पूर्ण फेरीत माझ्याशी फक्त गिअरपुरतं बोलले.

रात्रीची बाकीची कामंही तशीच. हँडब्रेक ओढायचा नाही, कारण ओला लायनर ड्रमला चिकटून गोठतो आणि सकाळी चाक फिरत नाही. गाडी गिअरमध्ये ठेवायची आणि चाकांना लाकडी ठोकळे. बॅटरी काढून केबिनमध्ये आपल्या गोधडीत. डिझेल फार थंडीत मेणासारखं साकळतं आणि फिल्टर तुंबतो, म्हणून त्यात थोडं रॉकेल मिसळायचे. तरी नाहीच चालू झाली तर टाकीखाली आणि चेंबरखाली, म्हणजे इंजिनच्या तेलाच्या भांड्याखाली, निखाऱ्यांची पाटी सरकवायची. आज सांगताना अंगावर काटा येतो, तेव्हा रांगेतल्या निम्म्या गाड्यांखाली सकाळी धूर असायचा. (आता थंड प्रदेशासाठी वेगळं डिझेल मिळतं. इंडियन ऑइलने २०१९ मध्ये आणलेलं उणे ३३ अंशांपर्यंत साकळत नाही. आमच्या वेळी असतं तर किती बोटं भाजायची वाचली असती.) काचेवर आतून श्वासाचं दव गोठायचं. त्यावर विडीतली तंबाखू चोळायची, थोडा वेळ दिसायचं, मग पुन्हा चोळायची. क्लीनरचं मुख्य काम तेच.

प्रत्यक्ष चालवण्याबद्दल विचारलंत म्हणून सांगतो. गाडी दुसऱ्या गिअरमध्ये उचलायची. पहिल्यात जोर जास्त येतो आणि चाक जागच्या जागी फिरतं. उतारावर ब्रेकला पाय लावायचा नाही, ज्या गिअरने चढलो असतो त्याच्याही खालच्या गिअरने उतरायचं. ताजा भुसभुशीत बर्फ परवडला, चाक त्यात पकड घेतं. वाईट असतो तो दुपारी वितळून संध्याकाळी पुन्हा गोठलेला. डांबरासारखाच दिसतो, वर काचेसारखा. तो सावलीच्या वळणावर असतो. आधीचं वळण उन्हातलं, कोरडं, आपण निवांत येतो आणि पुढच्या वळणाला डोंगराची सावली. एका अशाच सावलीत शैतान नाल्याच्या अलीकडे मी घाबरून ब्रेक मारला. चाकं थांबली, गाडी नाही. स्टिअरिंग एकदम हलकं झालं, जणू कशाला जोडलेलंच नाही. बारा टन वजन इतकं आवाज न करता सरकतं हे तेव्हा कळलं. उस्ताद ओरडले, "पाय काढ!" पाय काढला, चाकं फिरू लागली, स्टिअरिंगला जीव आला आणि गाडी डोंगराच्या बाजूला, बीकनवाल्यांच्या (सीमेवरचे रस्ते सांभाळणाऱ्या सरकारी खात्याच्या) डोझरने लोटून ठेवलेल्या बर्फाच्या ढिगात नाक खुपसून थांबली. दुसऱ्या बाजूला काय होतं ते मी खाली उतरून पाहिलं नाही. उस्तादांनी बिडी पेटवली आणि एवढंच म्हणाले, "घाट आपला बापना नई शे भो. दम खा."

चेनबद्दल लोक फार विचारतात. चेन लागते, पण ती बर्फ सुरू व्हायच्या आधी चढवायची असते. अडकल्यावर चढवायला गेलात की उघड्या बोटांची कातडी लोखंडाला चिकटते. चाकापुढे पसरायची, गाडी वर घ्यायची, आवळायची, शंभर पावलं चालवून पुन्हा आवळायची. मग बैलगाडीच्या वेगाने खळ्ळ खळ्ळ करत जायचं. कोरडं डांबर लागलं की लगेच काढायची, नाहीतर चेनही तुटते आणि टायरही. आणि रिकामी गाडी भरलेलीपेक्षा जास्त घसरते. सफरचंद मिळालं नाही तर आम्ही मागे वाळूची पोती टाकून उतरायचो.

माझी शेवटची थंडीतली फेरी फेब्रुवारी २००५ ची. तेव्हा बर्फ असा पडला की बोगद्याच्या पलीकडे, काझीगुंडच्या बाजूला वालटेंगू नाड गावावर कडा कोसळला आणि दीडशेच्या वर माणसं गेली. आम्ही रामबनच्या अलीकडे रांगेत होतो. गाडीत केळी पिकत होती, रेडिओवर आकडे वाढत होते. सहाव्या दिवशी मी ताडपत्री सोडली आणि रांगेतल्या ड्रायव्हरांना, गावातल्या पोरांना घड वाटून टाकले. एका घरातून आम्हाला गुलाबी रंगाचा खारट चहा आला. खान्देशी माणसाला चहात मीठ म्हणजे शिक्षाच, पण मी तीन कप प्यायलो. त्या फेरीत जो तोटा झाला तो झाला. परत आल्यावर गाडी विकली आणि बागेत लक्ष घातलं.

आता तुमची जीप. जुनी गाडी बर्फात चांगली, जुनं ते सोनं, असं कुणी सांगत असेल तर त्याने बर्फात रात्र काढलेली नाही. नव्या गाडीत हीटर आहे, चाक अडकू न देणारा ब्रेक आहे. मला हे तेव्हा कुणी फुकट दिलं असतं तर बारा-दस मी तिथेच सोडून आलो असतो. जुन्या गाडीचा फायदा एकच, ती सावकाश चालते आणि बिघडली तर हातोडीने दुरुस्त होते. रस्ताही आता तो राहिला नाही. २०१७ मध्ये चेनानी-नाशरीचा बोगदा झाला, पटनीटॉपचा घाट सुटला. २०२१ मध्ये बनिहाल-काझीगुंडचा साडेआठ किलोमीटरचा नवा बोगदा झाला, शैतान नालाही सुटला. दरडी मात्र रामबनकडे अजून येतात.

वडिलांची जीप आहे, मन होतंय, तर जा. पण जम्मूपर्यंत जाऊन रस्ता खुला असल्याची खात्री करा, हातात चार दिवस जादा ठेवा आणि परतीचं तिकीट किंवा लग्नाची तारीख मागे लावून घेऊ नका. रेडिएटरमध्ये चांगलं कूलंट भरा, नुसतं पाणी नको. निघताना मिस्त्रीला विचारून ब्लॉकचा नळ कुठे आहे ते स्वतःच्या डोळ्यांनी बघून ठेवा.

चेनची एक जोडी माझ्याकडे अजून आहे, पण ती ट्रकची, तुमच्या जीपला बसायची नाही. आणि सध्या तिने बागेचं फाटक बांधलेलं असतं.