‘भारी!’च्या पुढे काय लिहायचं? हौशी अ‍ॅनिमेटरांचे प्रश्न

या महिन्याच्या पत्रांत ब्लेंडर या अ‍ॅनिमेशनच्या सॉफ्टवेअरच्या बटणांबद्दल फारसं कुणी विचारलेलं नाही. दुसऱ्याची क्लिप पाहून बोलायचं काय, आणि आपल्याला कुणी बोललं तर त्यातलं घ्यायचं काय, हीच बहुतेकांची अडचण आहे. उत्तरांतले सगळे आकडे सेकंदाला २४ फ्रेम, म्हणजे २४ स्थिर चित्रं, या हिशेबाने दिले आहेत.

प्रश्न : आमच्या गटात कुणी उसळणाऱ्या चेंडूची क्लिप टाकली की ‘भारी’, ‘कडक’ आणि अंगठ्यांची रांग लागते. मला काहीतरी खटकत असतं, पण नेमकं काय ते सांगता येत नाही. मग मीही अंगठा देऊन मोकळा होतो. (सांगली)

कितव्या फ्रेमला खटकलं, ते आधी शोधा. क्लिप पहिल्यांदा मूळ वेगात, न थांबवता पाहा आणि मनात आलेलं पहिलं वाक्य लिहून ठेवा. ती पहिली नजर पुन्हा मिळत नाही. दहाव्यांदा पाहताना डोळा चुकीलाही सरावतो. नंतर एकेक फ्रेम सरकवत पाहा. व्हीएलसी प्लेअरमध्ये ‘ई’ ही कळ एक फ्रेम पुढे नेते. यूट्यूबवर क्लिप थांबवून पूर्णविराम आणि स्वल्पविरामाच्या कळांनी पुढे-मागे जाता येतं.

समजा तुमचं पहिलं वाक्य होतं, ‘चेंडू हलका वाटतो.’ आता मोजा. छातीच्या उंचीवरून, म्हणजे साधारण सव्वा मीटरवरून सोडलेला चेंडू अर्ध्या सेकंदात, १२ फ्रेममध्ये, जमिनीवर येतो. क्लिपमध्ये त्याला २० फ्रेम लागत असतील, तर तेवढ्या वेळात खरा चेंडू जवळजवळ साडेतीन मीटर खाली आला असता. फुग्यासारखा वाटतो तो यामुळे. मग अंतरं पाहा. वरून सुटलेली वस्तू सारख्या वेळात १, ३, ५, ७ या प्रमाणात अंतर कापते. स्क्रीनवर पट्टी धरून मोजलं तरी कळतं. पुढच्या उसळीतही एक चूक नेहमी सापडते : उंची निम्मी केली म्हणून वेळही निम्मा केला जातो. उंची निम्मी झाली तर वेळ सुमारे ०.७ पट होतो. १२ फ्रेममध्ये पडलेला चेंडू निम्म्या उंचीपर्यंत जाऊन परत यायला १७ फ्रेम घेईल. १२ दिल्या तर तो घाबरल्यासारखा टुणटुणतो.

सगळ्यात जास्त वेळा दिसणारा दोष मात्र वेगळाच असतो. ब्लेंडर दोन कींच्या, म्हणजे आपण स्वतः ठरवून दिलेल्या जागांच्या, मधली रेषा आपणहून गुळगुळीत करतं, त्यामुळे चेंडू जमिनीला टेकण्याआधीच मंदावतो आणि चिकटून सुटल्यासारखा दिसतो. ग्राफ एडिटरमध्ये, म्हणजे हालचाल रेषांच्या रूपात दिसते त्या खिडकीत, उंचीच्या रेषेवरची टेकण्याची की निवडून ‘व्ही’ दाबायचं आणि हँडल, म्हणजे कीजवळचं वळण ठरवणारी दांडी, ‘व्हेक्टर’ करायचं. शिखरावरच्या की गोलच ठेवायच्या.

एवढं पाहून झाल्यावर लिहायच्या असतात दोनच ओळी : ‘फ्रेम १० ते १२मध्ये चेंडू जमिनीजवळ मंदावतोय, टेकण्याच्या कीचं हँडल बघ. पहिल्या शिखरावर तो क्षणभर तरंगतो ते छान जमलंय, तिथे हात लावू नकोस.’ दुसरी ओळ गोड बोलण्यासाठी नाही. नवखा माणूस एक जागा दुरुस्त करताना शेजारची चांगली जागा हमखास बिघडवतो, कारण ती चांगली आहे हे त्याला कुणी सांगितलेलंच नसतं.

प्रश्न : आमच्या गटातल्या चौदा वर्षांच्या मुलाने पहिलीच क्लिप टाकली. एका जाणत्या सदस्याने तिच्यावर सतरा मुद्दे लिहिले. सगळे बरोबर होते, पण मुलाने त्यानंतर काहीच टाकलं नाही. कमी बोलायचं म्हणजे किती? (अहमदपूर)

तीन मुद्दे पुरे, आणि तेही काम ज्या टप्प्यावर आहे त्या टप्प्याचे. टप्पा माहीत नसेल तर आधी विचारा.

ब्लॉकिंग चालू असेल, म्हणजे पात्र एका पोझमधून दुसऱ्या पोझमध्ये मधली हालचाल न करता उडी मारत असेल, तर तीनच गोष्टी पाहायच्या : काय घडतंय ते कळतं का, पात्र पूर्ण काळं केलं तरी पोझ ओळखू येईल का, आणि प्रत्येक पोझ वाचायला पुरेसा वेळ आहे का. या वेळी ‘हालचाल झटक्याची वाटते’ असं लिहिणं निरर्थक आहे. ती झटक्याचीच ठेवलेली असते. स्प्लाइन झाल्यावर, म्हणजे मधल्या फ्रेम भरल्यावर, वजन, हातांच्या हालचालींचे वळणदार मार्ग आणि पायांची घसरण पाहा. बोटं, पापण्या, कपड्याची टोकं अगदी शेवटी.

हा क्रम सोडला की सतरा मुद्दे होतात. कंबरेची पोझ बदलली की पाय, पाठ, मान, सगळ्यांच्या की पुन्हा घालाव्या लागतात. म्हणजे कंबरेबद्दल एक वाक्य लिहिलं असतं तर त्या सतरांपैकी बरेचसे मुद्दे नव्या आवृत्तीत उरलेच नसते. बोटांवर लिहिलेला मुद्दा बरोबर असूनही वाया गेला. (इतकी लांब यादी पुष्कळदा समोरच्यासाठी नसून गटातल्या बाकीच्यांनी वाचावी म्हणून लिहिलेली असते, हेही खरं.)

त्या मुलाला आता ‘नाराज होऊ नकोस’ असं लिहू नका. सगळ्यांदेखत नाराज ठरवल्यावर परत येणं आणखी अवघड होतं. त्याच्या क्लिपमधली जमलेली एक फ्रेम नंबरासकट सांगा, एकच बदल सुचवा, आणि ‘हे करून झालं की पुढची आवृत्ती दाखव’ असं म्हणा. ती आली की जुनी आणि नवी शेजारी-शेजारी लावून गटात टाका. ‘तुझ्यात कला आहे’ यापेक्षा त्या दोन क्लिपा जास्त बोलतात.

प्रश्न : चालण्याच्या सायकलवर (पुन्हा पुन्हा फिरणाऱ्या दोन पावलांच्या क्लिपवर) गटात नेहमी एकच शेरा पडतो : ‘तरंगतंय’. पुढे काय करायचं ते कुणी सांगत नाही. हा शेरा नीट कसा लिहावा? (फोंडा, गोवा)

‘तरंगतंय’ या एका शब्दात निदान चार वेगवेगळे आजार असतात. त्यातला कुठला, ते सांगता आलं पाहिजे.

साधी चाल दोन पावलांना २४ फ्रेम घेते. फ्रेम १ला टाच टेकते, ४ला शरीर सगळ्यात खाली असतं, ७ला मागचा पाय टेकलेल्या पायाजवळून पुढे जातो, १०ला शरीर सगळ्यात वर, १३ला दुसरी टाच टेकते. आता कंबरेची उंची पाहा. फ्रेम ४ आणि १० मध्ये ती जवळपास सारखीच असेल तर वजन दिसणारच नाही. शेरा असा होईल : ‘फ्रेम ४ला कंबर आणखी खाली आण.’

उंची बरोबर असेल तर समोरून पाहा. फ्रेम ७ला शरीर एका पायावर उभं असतं, त्यामुळे कंबर त्या पायाकडे सरकायला हवी. ती मधोमध राहिली तर खरा माणूस तिथे पडला असता. बाजूच्या दृश्यात हे कळतच नाही, म्हणून क्लिप दोन्ही बाजूंनी मागायची.

तिसरा आजार घसरत्या पायांचा. जागच्या जागी चालणाऱ्या सायकलमध्ये जमिनीवरचा पाय दर फ्रेमला सारखंच अंतर मागे जायला हवा. पाऊल ६० सेंटीमीटरचं आणि १२ फ्रेमचं असेल तर दर फ्रेमला ५ सेंटीमीटर. ग्राफ एडिटरमधल्या पायाच्या रेषेला गुळगुळीत वळण राहिलं की पाय सुरुवातीला आणि शेवटी मंदावतो आणि फरशीवर तेल सांडल्यासारखा सरकतो. ती रेषा लिनिअर, म्हणजे सरळ, करायची. पात्राला खरंच पुढे न्यायचं असेल तर २४ फ्रेममध्ये १२० सेंटीमीटर न्यावं लागेल. नजरेने ‘एवढं पुरे’ करून चालत नाही.

चौथं म्हणजे लूपमधला अडखळा. फ्रेम १ आणि २५ एकसारख्या असतात, म्हणून क्लिप १ ते २४ एवढीच चालवायची. २५वी ठेवली तर तीच पोझ दोनदा येते आणि दर सेकंदाला उचकी लागल्यासारखं दिसतं.

गुडघा एकदम टक्कन झटकत असेल तर पाय पूर्ण ताणला गेलाय. कंबर जराशी खाली घ्या किंवा टाच उचला.

प्रश्न : आम्ही मराठी संवादांवर तोंडाच्या हालचाली करतो. शेरा येतो, ‘लिपसिंक चुकलंय’. नेटवरचे तोंडाच्या आकारांचे तक्ते इंग्रजीचे असतात. तपासायचं कसं? (ठाणे)

सगळ्या अक्षरांच्या मागे लागू नका. ओठ मिटतात ती अक्षरं आधी पकडा : प, ब, भ, म. ‘बाबा, पाऊस आला’ या वाक्यात ओठ तीनदा मिटतात : ब, ब आणि प. ते तीन योग्य जागी असतील तर प्रेक्षक बाकीचं पुष्कळ खपवून घेतो. त्यातला एक जरी उघडा राहिला तर लगेच डब केल्यासारखं दिसतं. ओठ आवाजाच्या एक-दोन फ्रेम आधी मिटलेले असावेत आणि किमान दोन फ्रेम तसेच राहावेत. एकाच फ्रेमसाठी मिटले तर डोळ्याला कळत नाही.

त्यानंतर ‘पाऊस’मधल्या ऊचा गोल आणि ‘आला’मधला मोठा आ. ‘व’ला खालचा ओठ वरच्या दातांकडे जातो. ‘फ’ मात्र माणसागणिक बदलतो : ‘फळ’ म्हणताना काही जण ओठ मिटतात, काही जण दात टेकवतात. ज्याने आवाज दिलाय त्याला आरशात बोलायला लावा. ळ, ट, ण यांचं सगळं काम आत जिभेवर चालतं, त्यासाठी वेगळा आकार घडवायची गरज नसते. म्हणून शेरा असा लिहा : ‘“पाऊस”चा प ऐकू येतो तेव्हा, फ्रेम २२ला, ओठ उघडे आहेत.’

ऱ्हुबार्ब लिप सिंक हे मोफत साधन वापरत असाल तर त्याचं मूळ सेटिंग इंग्रजी ओळखण्यासाठी आहे. मराठीसाठी रेकग्नायझर (आवाज ओळखायची पद्धत) ‘फोनेटिक’ निवडा आणि मिटलेले ओठ तरीही हाताने तपासा. आणि जुळतंय की नाही, ते ब्लेंडरच्या खिडकीत ठरवू नका. संगणक दमला की चित्र मागे पडतं आणि आवाज पुढे जातो. क्लिप बाहेर काढूनच पाहा.

प्रश्न : मी स्वतः अ‍ॅनिमेशन करत नाही, मुलीमुळे गटात आहे. मी काही बोलावं का? (नाशिक)

जरूर. तुम्हाला काय दिसलं, एवढंच सांगा : गोष्ट काय कळली, नजर आधी कुठे गेली, कुठे कंटाळा आला. ‘तो दार उघडायला गेला असं वाटलं’ आणि मुलीला दाखवायचं होतं की तो दार लावतोय, तर याहून उपयोगी शेरा नाही. उपाय सुचवू नका.

प्रश्न : एक म्हणतो हालचाल जलद कर, दुसरा म्हणतो सावकाश. तिसऱ्याने तर माझी फाइल उघडून स्वतःच दुरुस्त करून पाठवली. (पुणे)

दोघे एकाच जागी अडखळले ना? मग तिथे काहीतरी आहे. उपाय दोघांचेही बाजूला ठेवा आणि त्या जागेच्या आधीच्या ८-१० फ्रेम पाहा. हात झटक्यात वर जातो असं वाटतं तेव्हा पुष्कळदा वेग योग्यच असतो. आधी हात किंचित खाली जाऊन तयारी करत नाही, त्यामुळे नजर बेसावध राहते. ४ ते ६ फ्रेमची तयारी घातली की जलद आणि सावकाश दोन्ही तक्रारी बहुधा मिटतात. प्रयोग करण्याआधी फाइल नव्या क्रमांकाने साठवा, म्हणजे जुनी हाताशी राहते.

न विचारता फाइल दुरुस्त करणं चुकीचंच. दुरुस्त फाइल पाहून शिकणं फारसं होत नाही आणि काम आपलं राहिलं नाही असंही वाटतं. दाखवायचंच असेल तर वरून रेषा मारून दाखवावं. ब्लेंडरमध्ये कॅमेऱ्याच्या पार्श्वभूमीवर क्लिप लावायची, ‘डी’ धरून माउसने रेषा ओढायच्या आणि त्या फ्रेमचा फोटो पाठवायचा. कंबर कुठे हवी, त्यासाठी एक तिरकी रेघ पुरते.

प्रश्न : व्हॉट्सअ‍ॅपवर पाठवलेली क्लिप धूसर होते आणि फ्रेम नंबरावरून वाद होतात. (सातारा)

व्हिडिओ म्हणून पाठवू नका, ‘डॉक्युमेंट’ म्हणून जोडा. मग ती दाबली जात नाही. नंबरासाठी ब्लेंडरच्या आउटपुटच्या टॅबमध्ये ‘मेटाडेटा’खाली ‘बर्न इन्टू इमेज’ चालू करा आणि फ्रेमची खूण ठेवा, म्हणजे नंबर चित्रावरच छापून येतो. पूर्ण रेंडरची गरज नाही, व्ह्यू मेनूमधून व्ह्यूपोर्टचं, म्हणजे कामाच्या खिडकीत दिसतं तसंच, रेंडर काढा. एन्कोडिंगमध्ये ‘कीफ्रेम इंटरव्हल’ १ ठेवलं तर फाइल मोठी होते, पण पाहणाऱ्याला क्लिप मागे सरकवताना अडकत नाही. फाइलच्या नावात आवृत्तीचा क्रमांक आणि टप्पा घाला : ‘चाल_०३_ब्लॉकिंग’.