नोंदवहीतलं नाव

बाय,

तुझा मेसेज वाचून दोन दिवस मी काही कळवलं नाही. घाईत देता येईल असं उत्तर माझ्याकडे नव्हतं. तू लिहिलंस, ‘बाबा, तू देव मानत नाहीस, तरी देवळाच्या महाजनांत तुझं नाव आहे. धाकट्याचं तो अठरा वर्षांचा झाला की लागणार. रोज पहाटे आजीबरोबर पूजेची फुलं काढते मी. मग माझं नाव का लागणार नाही?’ आज शुक्रवार, मस्कतला सुट्टी. निवांत बसून लिहितो.

खरं सांगायचं तर महाजनांच्या त्या नोंदवहीत नाव घालताना तुमचा देवावर विश्वास आहे का, हे कोणी विचारतच नाही. मलाही विचारलं नव्हतं. विचारतात ते घराणं, आणि मुलगा की मुलगी एवढंच. पोर्तुगीज सरकारने 1933 साली गोव्यातल्या देवस्थानांसाठी नियम केले, तेच थोड्याफार दुरुस्त्या होऊन अजून चालतात. त्याखाली प्रत्येक देवळाची आपली नियमावली असते, आणि बहुतेक ठिकाणी महाजन म्हणजे ठरावीक घराण्यांतले सज्ञान पुरुष. ते दर तीन वर्षांनी समिती निवडतात. जमिनी, दागिने, पावणीचा म्हणजे लिलावाचा पैसा ती समिती सांभाळते आणि वरून देखरेख ठेवतो तालुक्याचा मामलेदार. म्हणजे तुझा प्रश्न जेवढा गाभाऱ्यातला, तेवढाच सरकारी कचेरीतलाही आहे.

परंपरा आहे, असं तुला सांगतील. ती मी सांगतो. सोळाव्या शतकात पोर्तुगिजांनी तिसवाडी, बार्देश, साष्टीतली देवळं मोडली. कुशस्थळीचा मंगेश, केळशीची शांतादुर्गा, वेर्ण्याची म्हाळसा हे देव लोकांनी जुवारी नदीपलीकडे अंत्रुजात, म्हणजे फोंड्याच्या भागात, आणले. फोंडा तेव्हा पोर्तुगिजांकडे नव्हता. 1560 साली इन्क्विझिशन, म्हणजे चर्चचं धर्मन्यायालय, बसलं आणि मधली चार वर्षं सोडली तर 1812पर्यंत राहिलं. अशा दिवसांत ज्या घराण्यांनी देव सांभाळले, ती महाजन झाली. मी देव मानत नाही, पण त्या माणसांपुढे माझी मान आजही लवते. आणि म्हणूनच मला विचारावंसं वाटतं, त्या होड्यांत बायका नव्हत्या का? पेटती चूल आणि लावलेलं भात मागे टाकून त्याही आल्याच ना? त्यांची नावं कोणत्या नोंदवहीत आहेत?

आता दुसरी बाजू बघ. पोर्तुगिजांचा 1867चा नागरी कायदा 1870पासून गोव्यात लागू झाला. त्याने आईबापांच्या मालमत्तेत मुलगा-मुलगी दोघांना सारखा वाटा दिला. मृत्युपत्र केलं तरी निम्मी मालमत्ता मुलांसाठी राखीवच राहते, बापाला मुलीला सगळंच नाकारता येत नाही. हिंदू मुलीला वडिलोपार्जित मालमत्तेत मुलासारखा जन्मसिद्ध हक्क देशभर मिळायला 2005 उजाडावं लागलं. पण 1880 साली त्याच पोर्तुगिजांनी गोव्याच्या हिंदूंच्या चालीरीतींचा वेगळा हुकूम काढला. बायको तीस वर्षांची होईपर्यंत मुलगा झाला नाही, तर काही अटींवर नवऱ्याला दुसरं लग्न करता येईल, असं त्यात आहे. त्यालाही रीतच म्हटलं गेलं. मला ही रीत कधीही देवाची वाटली नाही.

आपल्या घरात तुझा आणि धाकट्याचा वाटा सारखा. पन्नास पावलांवरच्या देवळात मात्र तू कोणीच नाहीस.

ह्याचा राग आजीवर काढू नकोस. मी मस्कतला यायच्या आधी तिने कौल लावला होता. मूर्तीला पाकळ्या चिकटवल्या, उजवी पडली, म्हणजे देवाचा होकार. ओली पाकळी सुकते आणि सुटते, हे मला तेव्हाही माहीत होतं. तरी मी हात जोडून तिच्याशेजारी उभा राहिलो, आणि त्या रात्री आजी कितीतरी दिवसांनी शांत झोपली. पणजीत जुन्या सचिवालयाशेजारी हात पसरून उभा असलेला पुतळा आठवतो? ते कांदोळीचे आबे फारिया. संमोहन हे करणाऱ्याच्या अंगातल्या चुंबकी शक्तीने होतं, असं तेव्हा पॅरिसात मानत. फारियांनी सांगितलं, तसली शक्ती नसते, जे घडतं ते समोरच्याच्या स्वतःच्या मनात घडतं. आणि हे सांगणारा माणूस पाद्री होता, बाय! आजीचा कौल मी तसा समजतो. तिला लाभलेली शांती खरी होती. माझं भांडण तिच्या पाकळीशी नाही, तुझं नाव गाळणाऱ्या नियमाशी आहे.

चूक माझीही आहे. देव मानत नाही, मग देवळाच्या कारभाराशी मला काय करायचंय, असं म्हणत मी वीस वर्षं एकाही आमसभेला गेलो नाही. नाव मात्र तसंच राहू दिलं. कष्ट न करता मिळालेला हक्क मी वापरला नाही, आणि तुझ्यासाठी मागितलाही नाही.

कोर्टात ही गोष्ट सोपी नाही. घटनेचं 26वं कलम धर्मसंप्रदायांना आपला कारभार चालवू देतं. शनिशिंगणापूरला 2016 साली मुंबई हायकोर्टाने बायकांना अडवता येणार नाही असं सांगितलं आणि त्याच महिन्यात, पाडव्याला, चौथरा उघडला. पण तो दर्शनाचा प्रश्न होता, कारभाराचा नव्हे. म्हणून मी आधी आमसभेत जाणार आहे. नियमावलीत ‘पुरुष’ आहे तिथे ‘सज्ञान वंशज’ असं घालावं, एवढाच अर्ज मी लिहिलाय. अर्ज मराठीत आहे, देवळाचं दप्तर मराठीतच असतं. एक प्रत तुला पाठवतो. तुला खरंच नाव हवं असेल तरच तो मी देईन, ते तू ठरव.

त्याआधी तो आजीला वाचून दाखव. आणि तिच्या माहेरच्या देवळात तिचं नाव असतं तर तिने आमसभेत पहिलं काय विचारलं असतं, ते तिच्याकडून ऐकून मला कळव.

तुझा,
बाबा