वाचकांचे प्रश्न : मिसर देश कोठे आहे?

प्रश्न : आमच्या वाचनमंडळात सध्या बायबलमधील निर्गमाची, म्हणजे मोशेच्या मागे यहुदी लोक मिसरच्या (इजिप्तच्या) गुलामगिरीतून बाहेर पडल्याची, कथा वाचली जात आहे. मंडळातील एक ज्येष्ठ सदस्य सांगतात की मिसर म्हणजे देहासक्ती, तिथला राजा फारो म्हणजे अहंकार आणि मोशे म्हणजे जागा झालेला विवेक. हा अर्थ त्या परंपरेतला आहे, की आपण आपला वेदान्त त्या कथेवर लादत आहोत? – एक वाचक, अमळनेर

उत्तर : लादत नाही. पहिल्या शतकात अलेक्झांड्रियाच्या फायलो या यहुदी तत्त्वज्ञाने मिसर देशाकडे देह व वासनांचे प्रतीक म्हणून पाहिले. गलतीकरांस लिहिलेल्या पत्राच्या चौथ्या अध्यायात ख्रिस्ती धर्माचा आद्य प्रचारक पौल याने अब्राहामाची पत्नी सारा आणि दासी हागार यांची कथा रूपकात्मक असल्याचे सांगितले. आणि तिसऱ्या शतकात ओरिजेन या ख्रिस्ती विचारवंताने मोशेनंतरचा नेता यहोशवा याच्या लढायांचा अर्थ अंतःकरणातील विकारांशी चाललेली झुंज असा लावला. चांगदेवांचा वाघ आणि भावंडांची चालती भिंत यांचा अर्थ खानदेशातले भाविक असाच तर लावतात.

मात्र रूपक जुळवताना कथेतले अडचणीचे तपशील गाळू नयेत, कारण खरी खोली बहुधा तेथेच असते. समुद्र ओलांडून मुक्त झालेले लोक रानात रडतात ते मिसरात मिळणाऱ्या मासे, काकड्या, खरबुजे, कांदा आणि लसूण यांच्या आठवणीने (गणना, अध्याय 11), म्हणजे बंधन सुटले तरी त्याची चव जिभेवरून जात नाही. चातुर्मासात कांदा-लसूण वर्ज्य करणाऱ्यांना हे अधिक सांगावयास नको. रानात देवाकडून रोज पडणारा मान्ना (अन्न) दुसऱ्या सकाळपर्यंत साठवला तर त्यात किडे पडत, अपवाद फक्त शब्बाथाच्या, म्हणजे आठवड्याच्या विश्रांतीच्या दिवसाच्या, वाट्याचा. कालच्या भजनावर आजचा दिवस काढू पाहणाऱ्या साधकाने हा प्रसंग पुन्हा वाचावा. शिवाय मोशे स्वतः वचनदत्त (देवाने देऊ केलेल्या) देशात जात नाही, नबो पर्वतावरून तो देश केवळ पाहतो. मोशे जर विवेक असेल, तर विवेक सीमेपर्यंतच नेतो आणि पुढची वाट भक्तीची, असे मला वाटते. आपल्या ज्येष्ठांना ते मान्य आहे का, हे जरूर विचारावे.

एक पथ्य मात्र पाळावे. यहुदी समाजासाठी निर्गम ही पूर्वजांच्या गुलामगिरीतून झालेल्या सुटकेची स्मृती आहे आणि वल्हांडण सणात ती दरवर्षी घरोघरी सांगितली जाते. त्यामुळे ‘ही केवळ प्रतीके आहेत’ असे म्हणणे अन्यायाचे होईल. मंडळात आधी कथा सरळ वाचावी, आणि फारो शोधायचा झाल्यास तो शेजाऱ्यात शोधू नये.